दीडशे दिवसांची माया

टेपताईला गळ्यात टेप नसताना पाहिलेलं माणूस फक्त तिची आई, आणि तिला आता धड दिसत नव्हतं. दवाखान्यात जाताना, भाजी आणताना, एकदा तर शेजारच्या घरी मयताला जातानासुद्धा मापाची ती पिवळी टेप गळ्यात लोंबतच राहिली होती. घरी आल्यावर भावजयीने बोट दाखवलं तेव्हा टेपताई म्हणाली, "नशीब, तिथे कुणी माप घ्या म्हणालं नाही."

वय एक्कावन्न. लग्न झालं नाही, आणि का झालं नाही हे विचारणारे नातेवाईकही एव्हाना थकले होते. तयार कपड्यांच्या तीन मजली दुकानात तळमजल्यावरच्या जिन्याखाली तिचं मशीन होतं. वर दिवा, समोर अडीच फुटांचं टेबल, मागे भिंत. जिन्यावरून कोणी धावत उतरलं की डोक्यावर धुळीचा भुगा पडायचा. लोक वरच्या मजल्यावर कपडे घ्यायचे आणि खाली येऊन तिच्यापुढे पोट आत ओढून उभे राहायचे. लांब असेल ते आखूड करणं, ढगळ असेल ते आवळणं हे तिचं काम. घट्ट झालेलं सैल करणं हेही तिचंच काम, पण तिथे घोडं अडायचं.

शिवणाऱ्या लोकांचा एक शब्द आहे, माया. कपडा शिवताना शिवणीच्या आतल्या बाजूला दोन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, ती माया. मूल वाढलं, माणूस सुटला, की टाके उसवायचे आणि त्या मायेतून कपडा मोठा करायचा. टेपताईची आई घरी शिवणकाम करायची तेव्हाची गोष्ट. सोळा वर्षांच्या टेपताईने एक झगा बिनमायेचा कापला. आईने तो झगा तिच्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "कापड कमी पडलं तर उंची कमी कर. घेर कमी कर. मायेला हात लावू नकोस. माया नसलेला कपडा एकदाच अंगात जातो."

कारखान्यातून आलेल्या कपड्यांत ही माया नसते. मालक लोक सुतासुताचा हिशेब करतात. कुणी गृहस्थ दोन वर्षांपूर्वीची पॅन्ट घेऊन यायचा, टेपताई कमरेची शिवण उघडायची, आत बघायची आणि म्हणायची, "यात माया नाही हो." गृहस्थाचा चेहरा असा पडायचा की जणू घरच्यांबद्दलच कुणी बोललं.

तर अशा या टेपताईच्या डोक्यात प्रवासाचं खूळ शिरलं ते एका बॅगेमुळे. चार वर्षांपूर्वी साठीची एक बाई पाठीवरच्या मोठ्या बॅगेचा तुटलेला पट्टा घेऊन जिन्याखाली आली. केस कापलेले, टाचांना भेगा, बोटात अंगठी नाही. पट्टा होईपर्यंत बसली आणि बोलत राहिली. पाच महिने एकटी फिरत होती. दुसऱ्या एका देशातून आली होती, तिथे म्हणे सगळं फार स्वस्त. एका खोलीत आठ खाटा, त्यातली एक आपली. बाजारात उभ्याने जेवायचं. घाईने फिरलं की खर्च होतो, एका गावात आठ-आठ दिवस पडून राहिलं की पैसे टिकतात.

"खर्च फार येत असेल नाही?" टेपताईने विचारलं.

"घरी बसण्यापेक्षा कमी," बाई म्हणाली, पट्टा ओढून पाहिला, पैसे दिले आणि गेली.

टेपताईला त्या दिवशी तीन पॅन्टी पुन्हा उसवाव्या लागल्या. मन जाग्यावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने दोनशे पानी वही आणली. बाकीच्या बायका असल्या वहीत देवाचं नाव लिहितात, हिने पहिल्या पानावर त्या देशाचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, दिवस १५०. त्या देशात पाच महिने. का पाच? तर ती बाई पाच म्हणाली होती. याहून मोठं कारण तिच्याजवळ नव्हतं, आणि मला विचाराल तर एवढं पुरे.

चार वर्षं ती वही भरत गेली. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर तिथल्या खाटेचे भाव बघायचे, बसचे दर बघायचे, कुणीकुणी लिहिलेलं वाचायचं आणि वहीत उतरवायचं. रात्रीच्या बसने गेलं की एका रात्रीची खाट वाचते. कपडे स्वतः धुतले की आठवड्याला इतके वाचतात. पाणी उकळून भरून घ्यावं. शेवटी दिवसाचं माप ठरलं. खाट पाचशे, खाणं चारशे, प्रवास अडीचशे, बाकी औषध-साबण-फोन मिळून दीडशे. दिवसाला तेराशे. दीडशे दिवसांचे एक लाख पंच्याण्णव हजार. तिकीट आणि व्हिसा वेगळे.

आणि प्रत्येक आकड्यापुढे लाल पेन्सिलीने तिने माया लिहिली. पाचाला एक या मापाने. खाट पाचशे, माया शंभर. खाणं चारशे, माया ऐंशी. ताप येईल, बस चुकेल, खिसा कापला जाईल, काही ना काही घट्ट होणारच. शेवटच्या पानावर बेरीज मांडली. एकूण माया एकोणचाळीस हजार.

हे पैसे जमवताना तिने पोटाला किती चिमटे काढले ते सांगत बसत नाही. चप्पल स्वतः शिवली. दाढ दुखत असताना लवंगेवर सहा महिने काढले. दुकानाच्या मालकाला दोन वर्षं आधीपासून सांगत होती. शेवटी तो वैतागून म्हणाला, "पाच महिने तुझं मशीन झाकून ठेवतो. सहाव्या महिन्याच्या एक तारखेला नाही आलीस तर दुसरी बाई बसेल." जाड कॅनव्हास आणून तिने स्वतःची बॅग स्वतः शिवली. सवय व्हावी म्हणून त्यात चार विटा घालून महिनाभर पायी दुकानात गेली. रस्त्यावरची पोरं हसायची. दुकानातल्या मुलींनी विचारलं, "ताई, घर बांधताय की काय?"

घरी मात्र कुणी हसलं नाही. घरी म्हणजे तीन खोल्यांत आई, धाकटा भाऊ आणि भावजय. भाऊ पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. वाईट माणूस नव्हता. ताईच्या पैशांवर शिकला याची त्याला जाणीव होती, आणि ज्याला जाणीव असते तो जरा जास्तच हक्काने मागतो. त्याला वाटत होतं ताईचं हे खूळ उतरेल. जायचं तिकीट काढल्यावर त्याने कपाळाला हात लावला. आई तर कधीच काही बोलली नाही. फक्त रोज संध्याकाळी विचारायची, "किती दिवस म्हणालीस?" टेपताई म्हणायची, "दीडशे." आई म्हणायची, "बरं."

निघायला तीन आठवडे असताना टेपताईने मायेचे पैसे बाजूला काढले. बरोबर न्यायचे नाहीत हे तिने आधीच ठरवलं होतं. जवळच्या पैशाला पाय फुटतात. माया आतल्या बाजूला असावी, बाहेरून दिसता कामा नये. म्हणून एकोणचाळीस हजार एका कापडी बटव्यात घालून तिने आईच्या हातात दिले. "ही माया आहे, आई. ट्रंकेत तळाशी ठेव. अडले तर मी फोन करीन, मग धाकट्याला सांगून पाठव." वहीत शेवटच्या पानावर बेरजेखाली तिने लिहून ठेवलं, आईकडे.

आईने बटवा चाचपला, वजन केल्यासारखा हातावर तोलला आणि पदराखाली घेतला.

पुढच्या गुरुवारी टेपताई कामावरून घरी आली तर आईच्या खोलीची मागची भिंत जागेवर नव्हती. म्हणजे होती, पण तिच्यात दार जाईल एवढं भगदाड पडलं होतं. खोलीभर विटांचा चुरा, कोपऱ्यात नव्या फरशांची खोकी, आणि त्यावर एक पांढरं शुभ्र कमोड बसलेलं. मिस्त्री हातपाय धूत होता.

"हे काय?"

भाऊ पुढे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. टेपताईला वाटलं आईचंच काही झालं.

"ताई," तो म्हणाला, "मी तुला काय काय समजत होतो. मनात म्हणायचो, ही आपल्याच धुंदीत आहे, आईचा विचार नाही हिला. परवा फोनजवळ तुझी वही उघडी पडली होती. मी मुद्दाम नाही वाचली गं. एकूण माया, एकोणचाळीस हजार, आईकडे. मी तिथेच खाली बसलो."

टेपताईने हातातली पिशवी खाली ठेवली.

"मी आईला विचारलं, ताईने तुझ्यासाठी पैसे ठेवलेत का? तिने काही न बोलता बटवा काढून दिला. मग मी म्हटलं, ताई जायच्या आत तिच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. आईला मागच्या अंगणात दोन पायऱ्या उतरून जावं लागतं, पावसाळ्यात घसरली होती, आठवतंय ना? आता खोलीतच संडास-बाथरूम. सगळे पैसे लागले बघ, वर चार हजार मी घातले."

"वन्सं," भावजय पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "माया असं शब्दात कुणी लिहून ठेवतं का हो? आम्ही दोघंही रडलो."

टेपताईच्या तोंडात मारल्यासारखं झालं. एका शब्दाने काम झालं असतं. अरे मूर्खा, माया म्हणजे शिवणीतलं कापड. पण हे तोंडातून काढलं असतं तर काय उरलं असतं? भिंत पडली होती. पैसे गेले होते. धाकट्याच्या चेहऱ्यावर जन्मात पहिल्यांदा बहिणीबद्दल असा भाव आला होता, आणि तो सगळा एका चुकीच्या वाचनावर उभा होता. ती म्हणाली, "फरशी घसरडी नको घेऊस," आणि आत गेली.

तिने वही काढली. आता तिच्याजवळ एक लाख पंच्याण्णव हजार होते, आणि माया शून्य. लहानपणापासून हाताला लागलेलं वळण, हात आपोआप चालला. कापड कमी पडलं तर उंची कमी करायची. दिवसाचे तेराशे, त्यावर माया दोनशे साठ, म्हणजे पंधराशे साठ. एक लाख पंच्याण्णव हजार भागिले पंधराशे साठ. उत्तर नेमकं आलं, एकशे पंचवीस. तिने पहिल्या पानावरचा दीडशेचा आकडा खोडून सव्वाशे लिहिला. परतीचं तिकीट अजून काढायचं होतं, तेवढं बरं झालं. चार वर्षं ज्या आकड्याकडे बघून दाढेची कळ सोसली, तो खोडायला एक मिनिट लागलं.

पण एक गोष्ट तिला त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, थेट सुट्टीच्या दिवसापर्यंत टोचत राहिली. धाकट्याला माया कळली नाही, ठीक. त्याने आयुष्यात सुईत दोरा ओवला नव्हता. पण आई?

सुट्टीच्या दिवशी दुपारी मिस्त्री जेवायला गेला होता. आई खिडकीजवळ बसून बटणं वेगळी करत होती. दिसेनासं झाल्यापासून हा तिचा चाळा. डब्यातलं एकेक बटण अंगठ्याने चाचपायचं, दोन भोकांचं डाव्या वाटीत, चार भोकांचं उजव्या. भगदाडातून ऊन तिच्या पाठीवर येत होतं.

टेपताई समोर बसली. "आई, तो बटवा त्याला तू दिलास?"

"हो."

"देताना मी तुला काय सांगितलं होतं?"

"माया आहे, जपून ठेव, म्हणालीस."

"आणि माया म्हणजे काय, हे आता मी तुला शिकवायचं?"

आईने एक बटण उजव्या वाटीत टाकलं. "मला ठाऊक होतं."

"मग त्याला बोलली का नाहीस? तो समजतोय तुझ्यासाठी ठेवले. घरभर रडारड झाली म्हणे."

"रडू दे. कधी नव्हे ते तुझ्या नावाने रडली दोघं."

"थट्टा नको करूस!" टेपताईचा आवाज चढला. "तुला बाथरूम हवी होती तर मला सांगायचं. आजवर कधी नाही म्हणाले मी? त्याच्या शिक्षणाला नाही म्हणाले? बाबांच्या आजारपणाला? या घराच्या छपराला? माझ्याच शिवणी उसवत आलात सगळे. एवढी एक शेवटची ठेवली होती."

हातातलं बटण आईने दोनदा, तीनदा चाचपलं, तिला भोकं मोजता येईनात.

"बाथरूम मेली कुणाला हवीय," ती म्हणाली. "दोन पायऱ्या तर आहेत. उतरतेच आहे." मग जरा पुढे वाकली. "आता किती दिवस झाले गं तुझे?"

"सव्वाशे."

"पंचवीस कमी," आई ताबडतोब म्हणाली. आणि तिचा चेहरा सैल पडला, ओझं खाली ठेवल्यावर पडतो तसा.

टेपताई बघतच राहिली. या बाईला अक्षर वाचता येत नव्हतं, पण समोरच्याच्या नुसत्या उंचीवरून कापड किती लागेल ते ती बोटभर न चुकता सांगायची.

"तू हिशेब केला होतास."

"हिशेब कसला. तू मायेला हात लावणार नाहीस एवढं ठाऊक होतं. मीच शिकवलंय. म्हटलं, पैसे कमी पडले की पोर उंची कापील." आईने बटणांची वाटी बाजूला सारली. "सगळे दिवस नको होते मला. तुला जाऊ नको म्हणायचं तोंड नाही मला. पण दीडशे दिवस फार होतात गं. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. धाकटा चांगला आहे, पण माझे पाय चेपायला तुझ्याशिवाय कोण बसतं? तू येशील तेव्हा मी असले पाहिजे ना? तेवढे पंचवीस मी माझ्याकडे घेतले."

टेपताईला दोन्ही गोष्टी एकदम वाटल्या. आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं, आणि तो बटणांचा डबा भिंतीवर फेकावासा वाटला. तिने दोन्हींतलं काही केलं नाही. खाली पडलेलं एक बटण उचलून आईच्या हातात दिलं आणि उठली.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ती जिन्याखाली वही घेऊन बसली. ती रागावलेली होती, आणि सगळ्यात जास्त राग तिला याचा आला होता की आईचा अंदाज बरोबर निघाला. तिला कुठे कापलं की ती कशी दुमडेल, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. सव्वाशे दिवस काही वाईट नव्हते. कुणीही शहाणं माणूस तेच घेईल. पण ते सव्वाशे तिने ठरवले नव्हते, तिच्यासाठी कुणीतरी बेतले होते.

तिने लाल पेन्सिलीचा मायेचा रकाना बघितला. खाटेची माया, खाण्याची माया, औषधाची माया. ताप आला तर? बॅग चोरीला गेली तर? परक्या देशात, भाषा येत नाही, वय एक्कावन्न, कंबर मधूनच धरते. तिला भीती वाटत होती, आणि ती नाही असं तिने स्वतःलाही सांगितलं नाही. डोळ्यांपुढे ते पॅन्टवाले गृहस्थ आले, उघड्या शिवणीकडे बघणारे.

तिने तो रकाना वरपासून खालपर्यंत एका रेघेने काढून टाकला. सव्वाशे खोडून पुन्हा दीडशे लिहिलं. पाच जरा वाकडा आला. पस्तीस वर्षांत तिने पहिल्यांदा बिनमायेचं कापलं. मग मोबाईलवर दीडशेव्या दिवसाचं परतीचं तिकीट काढलं आणि मशीनला तेल घातलं.

घरी तिने कुणाला सांगितलं नाही. आई रोज संध्याकाळी विचारत असे, ते विचारणंही तिने आता सोडलं होतं. तिच्या हिशेबाने माप पक्कं झालं होतं.

निघायच्या सकाळी आईची बाथरूम तयार होती. धाकट्याने आईला हाताला धरून दोनदा नळ सोडून दाखवला. भावजयीने टेपताईला वाकून नमस्कार केला, जो तिने एवढ्या वर्षांत कधी केला नव्हता. गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता.

"बॅग बघू," आई म्हणाली.

टेपताईने बॅग तिच्या मांडीवर ठेवली. आईने झाकण उघडलं आणि आत हात घालून कडेच्या शिवणीवरून बोटं फिरवत नेली, वरपासून तळापर्यंत, जशी ती पूर्वी मुलीने शिवलेला प्रत्येक कपडा बघायची तशी.

"दोन बोटं माया ठेवलीस," ती म्हणाली. "छान केलंस."

"कापडाला ठेवलीय."

"सव्वाशेच ना?"

"दीडशे."

आईची बोटं शिवणीतच थांबली. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. धाकटा काहीतरी बोलत दाराकडे गेला.

"मग माया?" आईने हळूच विचारलं.

"ती तुझ्याकडेच ठेवलीय, आई."

आईने शिवण सोडली नाही. दोन बोटांत कॅनव्हासची दुमड घट्ट धरून ती तशीच बसून राहिली, आणि न दिसणारे डोळे मुलीच्या चेहऱ्यावर लावून ठेवले. टेपताई खाली बसली. इतक्या वर्षांचा तिचा हातखंडा, कापड फाटू न देता टाके उसवायचे. तिने आईचं एकेक बोट तसं सावकाश सोडवलं, बॅग पाठीवर घेतली आणि गाडीकडे निघाली.